किल्ल्यात रेडिओ नव्हता

पी.एल. लागली की आपल्या हॉस्टेलचा आवाजच बदलतो. एरवी रात्री बारापर्यंत कॅरमच्या सोंगट्या खडखडत असतात, कुणाच्या तरी खोलीत स्पीकर ठणाणा करत असतो, मेसच्या मागे कुणीतरी फोनवर हळू आवाजात बोलत असतं. आणि पी.एल. सुरू झाली की एकदम सामसूम. बाहेरून येणाऱ्याला वाटावं, वा, पोरं काय अभ्यास करतायत! पण मित्रांनो, ही शांतता किती खरी असते ते आपल्यालाच ठाऊक. पुस्तक उघडं, पंखा चालू आणि डोक्यात मात्र नुसती घरघर. पान तेच, ओळ तीच. हात आपोआप मोबाईलकडे जातो आणि पुन्हा पुस्तकाकडे येतो तेव्हा दीड तास गेलेला असतो.

ही अस्वस्थता मी चांगली ओळखतो. मागच्या वर्षी माझा एम-थ्री दुसऱ्यांदा राहिला. एकदा राहिला तेव्हा हसण्यावारी नेला, कारण अर्ध्या वर्गाचा राहिला होता. दुसऱ्यांदा राहिला तेव्हा मात्र पोटात गोळा आला. त्यात मी एक मोठा घोळ करून बसलो होतो. घरून फोन आला तेव्हा अण्णांना, म्हणजे वडिलांना, सांगून टाकलं, “सगळे विषय निघाले.” तोंडातून गेलं ते गेलं. अण्णा म्हणाले, “बरं झालं रे बाबा,” आणि लगेच आईला हाक मारून तिलाही सांगितलं. तिचा आनंदाचा आवाज मला फोनमधून ऐकू आला. त्या दिवसापासून झोप गेली. रात्री दोन, अडीच, तीन... छताकडे बघत पडायचं. विषय राहिल्याचं दुःख एकवेळ परवडलं, पण खोटं बोलल्याचं ओझं फार वाईट.

हा लेख त्या दिवसांबद्दल आहे. संगीताने आणि कलेने मला ‘वाचवलं’ असं काही नाट्यमय मी सांगणार नाही. पण अस्वस्थ मनाला त्यातून आधार का मिळतो, कसा मिळतो आणि कुठे तो आधार पुरत नाही, हे जे थोडंफार मला समजलं ते सांगतो. इंजिनिअरिंगचा विद्यार्थी असल्यामुळे ‘का’ आणि ‘कसं’ विचारायची खोड आहेच!

भुईकोटातले बारा जण

सुरुवात अगदी योगायोगाने झाली. रूममेटचा मावसभाऊ नाशिकहून आला होता. त्याला काहीतरी दाखवायचं म्हणून रविवारी आम्ही नगरचा भुईकोट किल्ला बघायला गेलो. (जिल्ह्याचं नाव २०२४ पासून अहिल्यानगर झालं असलं तरी एसटीत अजून ‘नगर, नगर’च ऐकू येतं, म्हणून मीही नगरच म्हणतो.) किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे. गोल आकार, भोवती रुंद खंदक, दगडी बुरूज. हुसेन निजामशहाने सोळाव्या शतकात बांधलेला हा दगडी कोट. चांदबिबीने १५९५-९६ मध्ये मोगलांना इथेच थोपवून धरलं. हे सगळं शाळेत घोकलेलं होतं. पण आत गेल्यावर माझं लक्ष अडकलं ते त्या बैठ्या खोल्यांच्या ओळीत.

९ ऑगस्ट १९४२. ‘छोडो भारत’चा ठराव झाला त्याच्या दुसऱ्याच दिवशी पहाटे मुंबईत काँग्रेस कार्यकारिणीचे नेते पकडले गेले आणि रेल्वेने नगरला आणून या किल्ल्यात ठेवले गेले. एकूण बारा जण. पंडित नेहरू, सरदार पटेल, मौलाना आझाद, गोविंद वल्लभ पंत, आचार्य नरेंद्र देव, आचार्य कृपलानी, असफ अली, पट्टाभि सीतारामय्या, सय्यद महमूद, प्रफुल्लचंद्र घोष, हरेकृष्ण महताब आणि आपले शंकरराव देव. मुदत ठरलेली नव्हती. सुटका कधी, माहीत नाही. सुरुवातीला तर वर्तमानपत्रही नाही आणि घरी पत्रही नाही. बाहेर देश पेटलेला आणि आत हे लोक भिंतींकडे बघत बसलेले. १९४५ च्या वसंतापर्यंत, म्हणजे अडीच वर्षांहून जास्त काळ असंच चाललं.

आता विचार करा, आपल्याला तीन तासांचा पेपर संपेपर्यंत धीर नसतो. या लोकांनी तो काळ कसा काढला असेल?

त्यांनी कामं शोधली. नेहरूंनी बाग केली. आवारातली कडक जमीन खणून फुलझाडं लावली, आणि १९४४ मध्ये एप्रिल ते सप्टेंबर या पाच महिन्यांत ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहून काढलं. पुस्तकाची सुरुवातच या किल्ल्यापासून होते. आकाशातला चंद्र आणि बागेसाठी खणताना लागलेले जुन्या भिंतींचे अवशेष त्यात आहेत. आचार्य नरेंद्र देव दम्याने बेजार, तरी ‘अभिधर्मकोश’ या बौद्ध ग्रंथाच्या हिंदी अनुवादाला बसले. महताबांनी ओडिशाचा इतिहास लिहिला. पण मला सर्वांत जवळचे वाटले ते मौलाना आझाद.

न टाकलेली पत्रं

परत आल्यावर ग्रंथालयात शोधलं तर आझादांच्या ‘गुबार-ए-खातिर’ची देवनागरीतली एक प्रत मिळाली. धूळ खात पडलेली. (नावाचा अर्थही साधारण ‘मनावरची धूळ’ किंवा ‘मनातली मळमळ’ असाच आहे.) उर्दू शब्द अडत होते, पण तळटीपा होत्या. हे पुस्तक म्हणजे आझादांनी किल्ल्यातून आपल्या एका विद्वान स्नेह्याला, मौलाना हबीबुर रहमान खान शेरवानी यांना, लिहिलेली पत्रं. गंमत अशी की ही पत्रं पोस्टात पडलीच नाहीत. ती पोचणार नाहीत हे माहीत असूनच लिहिली गेली. पुढे सुटका झाल्यावर १९४६ मध्ये त्यांचं पुस्तक निघालं.

या पत्रांत राजकारण फारसं नाहीच! आझाद तेव्हा काँग्रेसचे अध्यक्ष होते, पण पत्रांत काय आहे तर पहाटे तीन-चारला उठून स्वतः केलेला बिनदुधाचा चिनी चहा. खोलीत घरटी करणाऱ्या चिमण्या. आधी त्यांच्याशी छत्री आणि बांबू घेऊन केलेलं युद्ध आणि मग हार पत्करून केलेली मैत्री, इतकी की चिमण्या तळहातावरचे तांदूळ टिपायला लागल्या. त्यांना नावंसुद्धा ठेवली. वाचताना मी रात्री एक वाजता एकटाच हसलो. कितीतरी दिवसांनी.

आणि मग एप्रिल १९४३ चं पत्र येतं. आझादांच्या पत्नी झुलेखा बेगम कलकत्त्याला आजारी होत्या. आजार वाढल्याची खबर किल्ल्यात आली. सरकारकडे काही मागायचं असेल तर लगेच कळवतो, असं तुरुंगाच्या अधिकाऱ्याने सुचवलं. आझादांनी सरकारकडे काहीही मागायला नकार दिला. बाहेरून रोजचा दिनक्रम जसाच्या तसा ठेवला. वेळेवर जेवण, वेळेवर बोलणं. आतून काय चाललं होतं ते फक्त कागदाला सांगितलं. थोड्याच दिवसांत त्या गेल्याची तार आली. शेवटची भेट नाही, काही नाही. त्या पत्राच्या शेवटी आवारातल्या एका जुन्या अनोळखी कबरीचा उल्लेख आहे. मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिलो.

याच पुस्तकात सप्टेंबर १९४३ चं एक लांबलचक पत्र आहे. पत्नी जाऊन पाच महिने झालेत. आणि विषय काय? संगीत!

आझाद सांगतात की तरुणपणी कलकत्त्यात एका पुस्तकविक्रेत्याकडे त्यांना ‘रागदर्पण’ या संगीतग्रंथाची हस्तलिखित प्रत मिळाली. ती हातात असताना एका इंग्रज विद्वानाने विचारलं की यातलं काही कळतं का? प्रश्न झोंबला. (आपल्याला ओरलला झोंबतो तसाच.) मग शिकायचंच ठरवलं. घर कर्मठ, धर्मगुरूंचं. तिथे सतार कशी वाजवणार? म्हणून घराबाहेर, मसीता खान नावाच्या उस्तादाकडे गुपचूप शिकवणी. चार-पाच वर्षं सतारीचा रियाज केला. पुढे आग्र्याला असताना एप्रिलच्या चांदण्या रात्री ताजमहालाच्या गच्चीवर, यमुनेच्या बाजूला बसून सतार वाजवल्याची आठवण ते सांगतात. आणि मग मनातली गोष्ट उघड करतात, की सुखाच्या बाकी सगळ्या गोष्टींवाचून मी राहू शकतो, गाण्यावाचून मात्र नाही, आणि नगरच्या या कैदेत रोज संध्याकाळी एकच उणीव जाणवते, रेडिओची.

बघा, किल्ल्यात रेडिओ नव्हता, सतार नव्हती. होता तो कागद, आणि डोक्यात साठलेलं गाणं. त्यावर त्या माणसाने संध्याकाळी काढल्या. आणि आपल्या खिशात आज अख्ख्या जगाचं संगीत आहे, तरी झोप येत नाही! म्हणजे नुसतं संगीत ‘उपलब्ध’ असून भागत नाही. ते कसं घेतो यावर सगळं आहे. इथून मी जरा शोधाशोध सुरू केली.

जरा शास्त्र पाहू

पहिली गोष्ट श्वासाची. इटलीतल्या लुचियानो बर्नार्डी आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. चोवीस जणांना वेगवेगळ्या प्रकारचं संगीत ऐकवलं. त्यात आपलं रागसंगीतही होतं. लय वाढली की ऐकणाऱ्याचा श्वास, हृदयाचे ठोके, रक्तदाब वाढत गेले. लय संथ तसं शरीरही शांत. संगीत कुठल्या प्रकारचं यापेक्षा लय किती याला महत्त्व जास्त होतं. पण खरी गंमत पुढे आहे. मधेच दोन मिनिटांची शांतता ठेवली होती, आणि त्या शांततेत ठोके आणि रक्तदाब सुरुवातीच्या पातळीच्याही खाली गेले! म्हणजे विसावा नुसत्या सुरात नाही, सूर थांबल्यानंतरच्या रिकाम्या जागेतही आहे. आपण काय करतो? एक गाणं संपायच्या आत दुसरं लावतो. ती दोन मिनिटं कधी येतच नाहीत.

दुसरी गोष्ट वाट पाहण्याची. मॉन्ट्रियलमधल्या संशोधकांनी २०११ मध्ये दाखवलं की आवडत्या संगीताने अंगावर शहारा येतो तेव्हा मेंदूत डोपामिन सुटतं. आणि तो क्षण ‘येणार, येणार’ अशी वाट पाहताना, मेंदूच्या दुसऱ्या एका भागातही सुटतं. आपल्याकडे हे समजायला प्रयोगशाळा लागत नाही. भजनात किंवा मैफलीत गाणारा माणूस तान घेत घेत समेकडे येतो तेव्हा बसलेल्या सगळ्यांच्या माना आधीच तयार असतात. सम आली की एकदम ‘वाह!’ ते आवर्तन आपल्याला काय देतं? एक खात्री, की किती का फिरलो, परत जागेवर येणार आहे. अस्वस्थ माणसाला नेमकी हीच खात्री नसते. त्याच्या डोक्यातला विचार गोल फिरतो खरा, पण त्याला सम नसते.

तिसरी गोष्ट हाताची. अमेरिकेत ड्रेक्सेल विद्यापीठाच्या २०१६ च्या एका अभ्यासात ३९ प्रौढांना पंचेचाळीस मिनिटं रंग, माती, कागद-चिकटकाम यांतलं हवं ते करायला दिलं. साधारण पाऊणशे टक्के लोकांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाशी निगडित संप्रेरक, कमी झालं. चित्रकला आधी येत होती की नव्हती, याने विशेष फरक पडला नाही. अभ्यास लहान आहे, त्यावरून फार मोठे निष्कर्ष काढू नयेत. पण ‘मला कुठे चित्र काढता येतं’ हे कारण मात्र त्याने निकालात काढलं!

शाई, कणीक आणि एम-थ्री

आता मेकॅनिकलवाल्यांसाठी. ज्या एम-थ्रीने माझी झोप उडवली त्यात ताणलेल्या तारेचं वेव्ह इक्वेशन आहे. दोन्ही टोकं बांधलेली तार छेडली की मूळ कंपनसंख्येबरोबर तिची दुप्पट, तिप्पट, चौपट अशी पूर्णांकी कंपनंही उमटतात. कान त्यांना एकत्र करून ‘गोड’ म्हणतो. चामड्याचं मात्र तसं नाही. गोल ताणलेल्या साध्या पडद्याची कंपनं मूळ कंपनसंख्येच्या १.५९ पट, २.१४ पट अशी आडमाप येतात. म्हणून साधा ढोल घुमतो, पण सुरात लागत नाही.

मग तबला-पखवाज सुरात कसे? उत्तर त्या काळ्या शाईत आहे. मधोमध थर देऊन लावलेल्या लोहचूर्णयुक्त शाईमुळे पडद्याचं वजन असं वाटलं जातं की ती आडमाप कंपनं जवळजवळ पूर्णांकी पटींत येऊन बसतात. हे शास्त्रीयदृष्ट्या दाखवलं सर सी. व्ही. रामन यांनी, आधी १९२० मध्ये शिवकाली कुमार यांच्याबरोबर आणि मग १९३४ मध्ये सविस्तर. तंबोऱ्याचंही तसंच. साध्या तारेच्या गणितानुसार तार जिथे छेडाल तिथे ज्या कंपनांचा निश्चल बिंदू येतो ती कंपनं ऐकू यायला नकोत. तंबोऱ्यात ती चांगली ठणठणीत ऐकू येतात! १९२१ मध्ये रामन यांनीच हे नोंदवलं. कारण तंबोऱ्याची घोडी सपाट-वक्र असते आणि तार तिला घासून चालते, त्यात खाली बारीक दोरा सरकवून जवारी लावतात. मिरजेच्या कारागिरांनी पिढ्यान् पिढ्या हे नुसत्या कानाने साधलंय. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं.

हे सगळं वाचताना मला आमच्या घरचा पखवाज आठवला. अण्णा आमच्या गावच्या भजनी मंडळात पखवाज वाजवतात. पाथर्डी तालुक्यातलं आमचं गाव. लहानपणी सप्ताहात माझं काम ठरलेलं असायचं, डाव्या बाजूला लावायची कणीक मळून द्यायची. फार सैल नको, फार घट्ट नको. अण्णा ती थापायचे, थाप मारून बघायचे, बोटाने थोडी काढायचे, पुन्हा थाप. सूर लागला की मान हलवायचे. त्यांना बेसल फंक्शन माहीत नाही. मला माहीत होतं, पण पेपरात सुटत नव्हतं!

छावणीतल्या रात्री

पखवाजाबरोबर आणखी एक आठवण आली. २०१९ चा उन्हाळा. त्या वर्षीचा दुष्काळ आपल्या जिल्ह्यातल्या कुणाला सांगायला नको. जनावरं चारा छावणीत होती. मी तेव्हा आठवीतून नववीत गेलो होतो. सुट्टीत अण्णांबरोबर छावणीवर राहायचो. ताडपत्रीची सावली, दिवसभर धुरळा, टँकरची वाट, उसाचं वाडं. माणसं दिवसा कामात असायची, पण अंधार पडला की गप्प होऊन बसायची. कर्ज, लग्न, विहीर, पाऊस, याशिवाय विषय नाही. एके दिवशी अण्णा गावात जाऊन पखवाज घेऊन आले. कुणीतरी टाळ आणले. मग रोज रात्री भजन. गायींच्या दावणीशेजारी, कंदिलाच्या आणि मोबाईलच्या उजेडात. मला तेव्हा वाटायचं, मोठ्या माणसांना झोप येत नाही म्हणून हे गातात. तेच खरं होतं!

आझादांचं ते पत्र वाचून झालं त्या रात्री मीही एक पत्र लिहिलं. रजिस्टरच्या मागच्या पानांवर, अण्णांना. एम-थ्री दोनदा राहिला, खोटं बोललो, झोप लागत नाही, सगळं. टाकायचं नाही असंच ठरवून लिहिलं. त्यामुळे खरं लिहिता आलं. साडेतीन पानं झाली. लिहून झाल्यावर मोबाईल बंद केला, काहीच लावलं नाही, नुसता पडून राहिलो. झोप कधी लागली कळलं नाही.

पुढच्या आठवड्यात गावी गेलो. पत्र बॅगेतच होतं. ते दिलं नाही, पण तोंडाने सांगितलं. संध्याकाळी अण्णा पखवाजाच्या वाद्या ओढत बसले होते. सांगून झालं तरी त्यांनी मान वर केली नाही. मला वाटलं आता ऐकून घ्यावं लागणार. थोड्या वेळाने म्हणाले, “आईला मी सांगतो. पण पुन्हा असं लपवू नको. लपवलेलं झोपू देत नाय.”

मी विचारलं, “अण्णा, छावणीत तुम्ही भजन करायचे, त्यानं काय व्हायचं?”

म्हणाले, “काय होणार? भजनानं काय पाऊस नाय पडला. पण रात्र निघायची. रात्र निघाली की सकाळी माणूस कामाला लागतो.”

मग पखवाज पुढे सरकवून म्हणाले, “वाजव.” मी एक बोल वाजवायला गेलो, हात अडखळला. पुन्हा तसंच. तिसऱ्यांदा त्यांनी हात धरला. “बोल बसत नसला की सोडायचा नसतो, लय कमी करायची. इतकी कमी, की चुकायला जागाच राहायला नको. मग हळूहळू वाढवायची.”

परत आल्यावर मी एम-थ्रीची लय कमी केली. दिवसाला एक गणित. पण पूर्ण, चुकेल तिथे पुन्हा. रात्री दहा ते सव्वादहा तंबोऱ्याचा नुसता षड्ज ऐकायचा, मग पाच मिनिटं काहीच नाही. पुढच्या परीक्षेत विषय निघाला. मार्क विचारू नका, पासिंगच्या थोडेसेच वर आहेत! आणि विषय निघाला तो गणितं केली म्हणून, तंबोरा ऐकला म्हणून नव्हे. तंबोऱ्याने काय केलं? रात्र काढून दिली.

जाता जाता

माझ्या अनुभवातून सुचलेल्या दोन-चार गोष्टी सांगतो. पटल्या तर घ्या.

गाणं अभ्यासाला ‘बॅकग्राउंड’ म्हणून लावणं वेगळं आणि ऐकणं वेगळं. दिवसातून पंधरा मिनिटं नुसतं ऐका, दुसरं काहीच करू नका. आणि संपल्यावर दोन मिनिटं शांत बसा.

मन उदास असताना उदास गाणी बरी वाटतात, ते खरं. कुणीतरी आपलं दुःख ओळखलं असं वाटतं. पण तेच गाणं विसाव्यांदा लावल्यावर आपण आणखी खोल चाललोय असं वाटलं, तर ते बंद करून खोलीबाहेर या.

हाताने काहीतरी करा. चित्र, माती, पेटी, रांगोळी, पत्र, काहीही. ड्रॉइंग हॉलमधल्या उरलेल्या शीटच्या पाठीमागे आमच्या विंगमधल्या एकाने गेल्या सेमिस्टरला हॉस्टेलचं अख्खं जिनं, कपडे वाळत घातलेल्या दोऱ्यांसकट, पेन्सिलने काढलंय. मशीन ड्रॉइंगमध्ये त्याची केटी आहे, पण चित्र बघण्यासारखं आहे.

जमलं तर चार जणांत गा-वाजवा. रेक्टर सरांना माझी जाहीर विनंती आहे की गॅदरिंगनंतर वर्षभर कुलूपबंद असलेली पेटी आणि तबला आठवड्यातून एक संध्याकाळ कॉमन रूममध्ये ठेवावेत. अकराच्या आत बंद करायची जबाबदारी आमची.

आणि शेवटची, सर्वांत महत्त्वाची. दोन-दोन आठवडे झोप नाही, जेवण जात नाही, जगणंच नको वाटतंय असं असेल तर गाण्यावर विसंबू नका. ते दुखणं आहे, आणि दुखण्याला डॉक्टर लागतो. शेजारच्या खोलीचं दार वाजवा, सरांना सांगा, घरी सांगा. केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ ही मोफत सेवा २०२२ पासून आहे. १४४१६ हा नंबर रात्री कधीही लावता येतो. आझाद कोणाला काही बोलले नाहीत, कारण तो तुरुंग होता आणि समोर परकं सरकार होतं. आपलं हॉस्टेल हा तुरुंग नाही. मेसचं जेवण कसंही असलं तरी!

परवा पुन्हा भुईकोटात जाऊन आलो. आवारात चिमण्या होत्या. आझादांच्या चिमण्यांच्या कितव्या पिढीतल्या कोण जाणे. मोबाईल काढला, मग परत खिशात ठेवला आणि थोडा वेळ नुसतं ऐकत उभा राहिलो. तेवढ्यात मित्राने हाक मारली, “चल रे, शेवटची एसटी जाईल.” खरंच, जायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी सबमिशन होतं.